एसयूव्हीच्या चाकाचा स्पीड सेन्सर: दोष शोधणे आणि सेन्सर बदलणे

डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला, त्याच्या जोडीला ट्रॅक्शन कंट्रोलचाही (चाके जागच्या जागी घसरत फिरू न देणाऱ्या यंत्रणेचाही) दिवा लागला आणि क्रूझ कंट्रोल किंवा उतारावरचे वेगनियंत्रण चालेनासे झाले, की बहुतेक जण लगेच चाकाचा स्पीड सेन्सर बदलायला निघतात. हा अंदाज पुष्कळदा बरोबरही ठरतो. मात्र स्कॅनरवर दिसणारा कोड म्हणजे सेन्सर खराब असल्याचा दाखला नव्हे. त्या चाकाकडून येणाऱ्या संकेताच्या वाटेत कुठेतरी बिघाड आहे, एवढेच तो सांगतो. या वाटेत सेन्सर, त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी किंवा चुंबकीय रिंग, कनेक्टर, चाकाच्या कमानीतून जाणारी वायर, चाकाचे बेअरिंग आणि एबीएसचे कंट्रोल युनिट असे सगळे येते. म्हणून येथे सेन्सर बदलण्याइतकाच भर तो बदलण्याआधीच्या तपासणीवर दिला आहे.

एबीएस बंद पडले तरी नेहमीचे ब्रेक लागतात. फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊन गाडी घसरण्याचा धोका वाढतो. पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर गाडी चालवू नये. अशा वेळी ब्रेक फ्लुइड कमी झालेले असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते.

पहिले काम कोड वाचण्याचे. फक्त इंजिनाचे कोड वाचणारा साधा स्कॅनर येथे उपयोगाचा नाही. एबीएस युनिटशी बोलणारा स्कॅनर लागतो. सी००३५ हा सहसा पुढच्या डाव्या चाकाचा, सी००४० पुढच्या उजव्या, सी००४५ मागच्या डाव्या आणि सी००५० मागच्या उजव्या चाकाचा कोड असतो, परंतु अनेक कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात, त्यामुळे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलवरून खात्री करून घ्यावी. डावी-उजवी बाजू नेहमी चालकाच्या आसनावर बसून धरतात. गाडीसमोर उभे राहून बाजू ठरवली, तर चुकीचे चाक उघडले जाते.

यानंतर लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असताना स्कॅनरवर दिसणारे प्रत्येक चाकाच्या वेगाचे आकडे, पाहावा, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत याच्याइतके बोलके काहीच नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकाने ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने शेजारी बसून चारही चाकांचे आकडे पाहावेत. सरळ रस्त्यावर चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. वळणावर बाहेरच्या बाजूची चाके जास्त वेग दाखवतात, तो दोष नव्हे. एका चाकाचा आकडा सतत शून्य असेल, तर वायर तुटलेली असण्याची किंवा सेन्सर पूर्ण निकामी झालेला असण्याची शक्यता मोठी. खड्ड्यात किंवा स्टिअरिंग वळवताना आकडा मध्येच गायब होत असेल, तर आधी वायरवर संशय घ्यावा. एक चाक कायम थोडा जास्त किंवा कमी वेग दाखवत असेल, तर टायरचा आकार, झीज आणि हवा तपासावी. स्टेपनी म्हणून वेगळ्या मापाचा टायर लावलेला असला की हेच दिसते.

गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगात, कोरड्या रस्त्यावरही ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरत असेल, तर हे लक्षण फार महत्त्वाचे समजावे. संकेत कमकुवत किंवा तुटक झाल्यामुळे चाक जाम होत असल्याचा युनिटचा गैरसमज होतो. मी एकदा नेमके हेच लक्षण असताना पुढचा सेन्सर बदलला आणि त्रास जसाच्या तसा राहिला. पुढे चाक काढून, विजेरीच्या उजेडात अ‍ॅक्सल बोटभर अंतराने फिरवत दातेरी रिंग पाहिली, तेव्हा दोन दातांच्या मधोमध केसाएवढी चीर दिसली. रिंगखाली साचलेल्या गंजाने तिला आतून फुगवून फोडले होते, आणि त्या जागी दातांमधील अंतर वाढल्याने प्रत्येक फेऱ्यात एकदा संकेत चुकत होता. चीर गंजाच्याच रंगाची होती. नख फिरवले तेव्हा कुठे ती हाताला लागली.

प्रत्यक्ष पाहणीसाठी गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून उलट बाजूच्या चाकांना अडसर म्हणून ठोकळे लावावेत, कंपनीने सांगितलेल्या ठिकाणी जॅक लावावा आणि गाडीचे वजन स्टँडवर सोडावे. फक्त जॅकच्या भरवशावर कमानीत हात घालू नये. एसयूव्हीचे वजन आणि उंची पाहता ही चूक जिवावर बेतू शकते. एअर सस्पेन्शन असल्यास ते मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे आधी बंद करावे. चाक काढण्यापूर्वी ते वर आणि खाली धरून हलवून पाहावे. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर रिंग आणि सेन्सर यांच्यातील अंतर बदलत राहते, आणि अशा वेळी नवा सेन्सरही तेच रडगाणे गातो.

वायर सेन्सरपासून कनेक्टरपर्यंत बोटांनी चाचपत जावे. सस्पेन्शनबरोबर वर-खाली होणारी आणि पुढच्या चाकांबरोबर वळणारी वायर बऱ्याचदा बाहेरून धडधाकट दिसते, पण आवरणाच्या आत तांबे तुटलेले असते. तुटलेल्या जागी वायर इतर ठिकाणांपेक्षा मऊ लागते. चिखलातून आणि पाण्यातून जाणाऱ्या गाडीत कनेक्टरमध्ये हिरवट थर साचलेला आढळतो. गाडीची उंची वाढवून घेतली असेल, तर चाक पूर्ण खाली लोंबकळताना वायर ताणली जात नाही ना, हेही पाहावे.

विद्युत तपासणीत सेन्सरचा प्रकार आधी ठरवावा लागतो. जुन्या गाड्यांत कॉइल आणि चुंबक असलेला पॅसिव्ह सेन्सर असतो. त्याचा रोध अनेकदा ८०० ते २५०० ओहमच्या दरम्यान असतो, आणि चाक हाताने फिरवल्यावर मल्टिमीटरच्या एसी मापावर थोडा व्होल्टेज दिसतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असल्याने दुसऱ्या बाजूच्या चांगल्या सेन्सरशी तुलना करणे सर्वांत खात्रीचे. नव्या गाड्यांत अ‍ॅक्टिव्ह सेन्सर असतो. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असल्याने त्याचा ओहममध्ये रोध मोजू नये. त्यातून काही कळत नाही आणि सेन्सरला इजा होऊ शकते. त्याऐवजी कनेक्टर सोडवून, इग्निशन चालू करून गाडीच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये डीसी व्होल्टेज मोजावा. बहुतेक गाड्यांत तो बॅटरीच्या व्होल्टेजच्या आसपास मिळतो. तो मिळत नसेल तर दोष सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे वायरमध्ये किंवा युनिटमध्ये आहे. मिळत असेल आणि रिंगही चांगली असेल, तर सेन्सरवर बोट ठेवता येते. अनेक अ‍ॅक्टिव्ह सेन्सर विद्युतप्रवाह सुमारे ७ आणि १४ मिलिअँपिअर या दोन पातळ्यांमध्ये बदलून वेग कळवतात; ऑसिलोस्कोप (विद्युतसंकेताचा आलेख दाखवणारे उपकरण) असल्यास हा चौकोनी संकेत स्पष्ट दिसतो.

दोष सेन्सरमध्येच असल्याची खात्री झाली, की गाडीच्या नेमक्या मॉडेलचा, वर्षाचा आणि बाजूचा सेन्सर आणावा आणि वायरची लांबी व कनेक्टर जुन्याशी ताडून पाहावा. इग्निशन बंद करून कनेक्टर सोडवावा, वायरच्या सर्व क्लिपा काढाव्यात आणि ती कोणत्या मार्गाने जाते याचा फोटो घेऊन ठेवावा. सेन्सर सहसा एकाच छोट्या बोल्टवर बसवलेला असतो. तो गंजलेला असल्यास गंज सोडवणारे तेल मारून मुरू द्यावे आणि मगच पाना लावावा. घाईत बोल्टचे डोके उडाले तर दहा मिनिटांचे काम दिवसभराचे होते.

बोल्ट निघाल्यावरही सेन्सर भोकात घट्ट अडकलेला असू शकतो. वायरला धरून तो ओढू नये. त्याच्या कानाला, म्हणजे बोल्ट बसतो त्या बाहेर आलेल्या भागाला, पकडीने धरून डावीकडे-उजवीकडे अगदी थोडा थोडा फिरवावा, पुन्हा तेल मारावे आणि तो सुटू लागला की सरळ वर काढावा. तो तुटलाच, तर उरलेला तुकडा आत ठोकण्याचा मोह टाळावा, कारण तो रिंगवर किंवा बेअरिंगच्या सीलवर आदळतो. तुकडा बाहेरच्या दिशेनेच काढावा आणि ते जमत नसेल तर हब सोडवावा.

भोक आणि सेन्सर टेकतो ती सपाट जागा तारेच्या ब्रशने चकचकीत करावी, मात्र कचरा आत पडू देऊ नये. येथे गंजाचा पातळ थर जरी राहिला तरी सेन्सर वर उचलला जातो, अंतर वाढते आणि संकेत कमकुवत होतो. भोकाच्या कडेला धातूचे कण नसलेले ग्रीस अगदी पातळ लावावे. सेन्सरच्या टोकाला काहीही लावू नये. सेन्सर हाताने दाबून पूर्ण बसला पाहिजे, बोल्टने ओढून बसवू नये. बोल्ट बहुधा ८ ते १० न्यूटन मीटर इतकाच घट्ट करायचा असतो. नक्की आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. वायर जुन्याच मार्गाने, प्रत्येक क्लिपसह लावावी आणि पुढच्या चाकांच्या बाबतीत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून ती कुठे घासत किंवा ताणत नाही याची खात्री करावी.

चाक बसवून, नट समोरासमोरच्या क्रमाने कसून, शेवटचा कस गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने द्यावा. मग कोड पुसून पुन्हा लाइव्ह डेटा पाहावा. काही गाड्यांत दिवा लगेच विझत नाही; युनिटने चाकांचे संकेत तपासून घेण्यासाठी गाडी थोडे अंतर चालवावी लागते. नव्या सेन्सरनंतरही त्याच चाकाचा कोड परत आला आणि अलीकडेच बेअरिंग बदलले असेल, तर ते उलटे बसले नाही ना ते पाहावे: अनेक बेअरिंगांत चुंबकीय रिंग सीलच्या एकाच बाजूला असते आणि ती सेन्सरकडे नसली तर कितीही चांगला सेन्सर शून्यच दाखवतो.