रूममेट्ससोबत घरखर्च: आधी डब्बा भरा, मग सामान आणा

चार जणी मिळून फ्लॅट घेताय आणि त्यातली एखादी म्हणतेय की "आत्ता ज्याला जमेल त्याने खर्च करायचा, महिन्याच्या शेवटी हिसाब करू", तर प्लीज तिथेच थांबा. मी इंदूरमध्ये भंवरकुआंला राहत असताना एक अख्खं वर्ष असंच काढलंय. कोणी वाईट नव्हतं, कोणाला पैसे बुडवायचे नव्हते, पण महिना संपला की एकीने दोन वेळा सिलेंडर भरलेला असायचा, दुसरीने रोजचं दूध आणलेलं असायचं पण लिहिलेलं कुठेच नाही, आणि जिच्या खिशातून जास्त गेले तिलाच मग सगळ्यांच्या मागे लागून पैसे मागायला लागायचे. स्वतःचेच पैसे मागताना माणूस ओशाळतो, आणि जिच्याकडे मागतो तिला वाटतं माझ्यावर संशय घेतेय. शेवटी शेवटी तर आम्ही एकमेकींशी किचनमध्ये बोलायचंही बंद केलं होतं.

आता दोन वर्षं झाली सुदामा नगरमध्ये आहोत. आलो तेव्हा मी बुरहानपूरची, एक देवासची, एक रतलामची, एक सागरची. पहिल्याच दिवशी ठरवलं की उधारी ठेवायचीच नाही, १ तारखेला प्रत्येकीने आधी पैसे टाकायचे आणि महिनाभर त्यातूनच खर्च करायचा. आम्ही त्याला डब्बा म्हणतो, खरं तर तो आता एका मैत्रिणीचं न वापरलेलं झिरो बॅलन्सवालं खातं आहे, त्याचं यूपीआय फक्त घरासाठी चालतं. याने झालं काय की कोणी कोणाचं देणं लागत नाही, जे काय असेल ते डब्ब्याचं. डब्बा कमी पडला तर सगळ्यांचाच पडतो, मग चौघी बसून बघतात की कुठे गेले.

किती टाकायचे हे अंदाजाने ठरवू नका. पहिला महिना फक्त लिहून काढा, मग आकडा ठरवा. आमचं असं आलं: बाई २०००, रोजचं एक लिटर दूध धरून महिन्याचे १९००, किराणा २५००, भाजी १५००, गॅस ७००, वायफाय ६५०, लाइट बिल ४५०. झाले ९७००. म्हणून प्रत्येकी २५०० टाकतो, वरचे ३०० पाण्याची कॅन, भांड्याचा साबण, बल्ब असल्या गोष्टींना. उन्हाळ्यात एप्रिल ते जून २८०० करतो कारण कूलर चालतात आणि पाण्याचे टँकरही कधी कधी मागवावे लागतात. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, आणि बोअरिंग मे महिन्यात दम तोडतं, त्यामुळे टँकरचा खर्च मकानमालक देणार की किरायेदार, हे फ्लॅट घेतानाच विचारून ठेवा, नंतर विचारलं की उत्तर नेहमी "किरायेदार" असंच येतं.

भाडं डब्ब्यात घेऊ नका, ते वेगळंच ठेवा. आमचं १६००० आहे, सरळ भागलं तर ४००० येतात, पण समोरच्या खोलीला गॅलरी आणि अटॅच बाथरूम आहे आणि मागची खोली अंधारी, मग सारखे पैसे कसे बरोबर होतील? आम्ही असं केलं की खोल्या आधी वाटल्याच नाहीत. आधी विचारलं की समोरचीचे प्रत्येकी ४२०० आणि मागचीचे प्रत्येकी ३८०० असतील तर मागे कोण जाईल, कोणीच हात वर केला नाही. मग ४५०० आणि ३५०० केलं तर देवासवाली लगेच म्हणाली मी जाते, आणि थोडा विचार करून सागरवाली पण. म्हणजे तोच खरा भाव. कोणी कोणावर उपकार केला नाही, आणि दोन वर्षांत त्यावर एक शब्द झाला नाही. तुम्हीही आकडा हळूहळू सरकवत न्या, जोपर्यंत दोन्ही खोल्यांना मनापासून घेणारं कोणी मिळत नाही तोपर्यंत.

नोकरी करणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. तुम्हाला पगारात एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता मिळत असेल आणि तुम्ही जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल, तर भाडं एकीच्या खात्यातून एकगठ्ठा पाठवू नका. प्रत्येकीने आपला हिस्सा आपल्या खात्यातून मकानमालकाला पाठवा आणि ॲग्रीमेंटमध्ये चौघींची नावं घाला, नाहीतर ऑफिसात पुरावा मागितला की एकीकडे सगळ्या पावत्या आणि बाकीच्यांकडे काहीच नाही. तुमच्या हिश्श्याचं वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन नंबरही द्यावा लागतो, ते आधीच मागून घ्या. ॲग्रीमेंट बहुतेक ११ महिन्यांचं असतं, पोलीस व्हेरिफिकेशन पण त्याच वेळी करून टाका.

आता लाइट बिल, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात आणि त्यातलं गणित कोणी समजावून सांगत नाही. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे, महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये लागतात. १५० च्या वर गेलं की ती सूट सगळीच जाते, फक्त वरच्या युनिटची नाही. म्हणजे रोजचे ५ युनिट ही घराची मर्यादा समजा. एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू एक तास चालली. २००० वॅटचा गीझर अर्धा तास, एक युनिट. चौघी जणी पंधरा-पंधरा मिनिटं गीझर लावतात तर तिथेच २ युनिट गेले, फ्रिज साधारण १ युनिट, उरले २ त्यात दिवे, वॉशिंग मशीन, लॅपटॉप. हे एकदा सगळ्यांना कागदावर दाखवलं की "गीझर बंद कर" असं कोणाला ओरडून सांगावं लागत नाही, ज्याचं त्याला कळतं. महिन्याच्या १५ तारखेला मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाका, तोपर्यंत ७५ च्या वर गेलं असेल तर पुढचे पंधरा दिवस सांभाळायचं.

आणि एसी. मागच्या मे महिन्यात सागरवालीने आपल्या खोलीत किरायाचा एसी लावला, दीड टनचा. तो तासाला दीड युनिटच्या आसपास खातो, रात्रीचे आठ तास धरले तर १२ युनिट, महिन्याचे ३६०. एकटा एसीच मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त. बिल आलं चार हजारांच्या घरात. ती म्हणाली मी ३६० युनिटचे पैसे देते, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच वाटत होतं, पण त्या एसीमुळे पहिल्या १०० युनिटवरची सूटही गेली होती ना, ती कोण भरणार? दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. मग जो नियम केला तो सांगते, तुम्ही आधीच करून ठेवा: एसी नसतानाच्या महिन्याचं बिल जेवढं येतं तेवढं डब्बा भरेल, त्याच्या वरचं सगळं एसीवाली भरेल. तिला आधी हे माहीत असतं तर तिने एसी घ्यायचा की दुसरा कूलर, हे त्या हिशेबाने ठरवलं असतं, असं ती स्वतःच म्हणाली, आणि मला तिचं पटलं. तिची चूक नव्हती, आम्ही आधी बोललो नव्हतो.

हे सगळं तेव्हाच जेव्हा मीटर तुमचा स्वतंत्र असेल. बऱ्याच घरांत मालक सबमीटर लावतो आणि युनिटचा एकच भाव घेतो, तिथे सूट तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. फ्लॅट बघायला जाल तेव्हा नळ आणि खिडक्या बघाल तसा मीटर पण बघा, आणि जुनं बिल मागा.

खाण्याच्या बाबतीत सगळं कॉमन करायला जाऊ नका. आमच्या डब्ब्यातून फक्त हे येतं: कणिक, तांदूळ, डाळी, तेल, साखर, चहा, मसाला, पोहे, दूध, भाजी. बाकी जे ज्याचं त्याचं. अंडी, चिकन, बिस्किटं, मॅगी, प्रोटीन पावडर, घरून आलेलं तूप आणि लोणचं हे सगळं स्वतःचं, त्यावर नाव लिहून वेगळ्या कप्प्यात. सेव मात्र आम्ही कॉमन धरतो, इंदूरमध्ये सेवेचा हिसाब ठेवणं कोणाला जमत नाही, पोह्यांवर, भाजीत, वरणात सगळीकडे पडते. रतलामवाली कांदा, लसूण, बटाटा खात नव्हती, तर ती आपली भाजी स्वतः आणायची आणि २५०० ऐवजी २२०० टाकायची. त्यामुळे डब्ब्यात ३०० कमी पडत नव्हते, तिच्या वाटणीची भाजी आम्ही आणतच नव्हतो.

किराणा महिन्यातून एकदा सियागंजच्या ठोक बाजारातून आणतो, दोघी जातात, आळीपाळीने. कॉलनीच्या दुकानापेक्षा डाळ, साखर, तेल तिथे स्वस्त पडतं पण जास्त घेतलं तरच, म्हणून लिस्ट करून जायचं. इथे घराघरात वर्षाचा गहू भरून ठेवायची पद्धत आहे, माझी आई पण फोनवर सारखी सांगते की शरबती घेऊन ठेवा, पण रूममेट्सच्या घरात हे करू नका. एखादी सहा महिन्यांनी सोडून गेली की तिच्या हिश्श्याच्या गव्हाचं काय करायचं? आम्ही महिन्याला २० किलो घेतो आणि चक्कीवर दळून आणतो, पुरतं.

गॅसचं कनेक्शन कोणाच्याच नावावर नसेल तर ५ किलोचा छोटा सिलेंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय ओळखपत्रावर मिळतो, सुरुवातीला तो चालतो. १४.२ किलोवाला असेल तर लावला त्या दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहा, आमचा पाच-सहा आठवडे जातो, म्हणजे महिन्याचे ७०० बाजूला काढले की संपायच्या दिवशी धावपळ होत नाही.

कोणी घरी गेलं तर? दिवाळीत कोणी दहा दिवस जातं, कोणी चारच. बाई, वायफाय, लाइट यात काही कापायचं नाही, ते तुम्ही असा-नसा लागतंच. फक्त खाण्याचे पैसे परत, आणि तेही सलग सात दिवसांपेक्षा जास्त बाहेर असाल तर. दूध, किराणा, भाजी, गॅस मिळून ६६००, चौघींत १६५०, म्हणजे दिवसाला ५५ येतात, आम्ही सोपं म्हणून ५० धरतो. हाच आकडा पाहुण्यांना. कोणाची बहीण, मैत्रीण तीन दिवस राहिली तर काही नाही, चौथ्या दिवसापासून दिवसाला ५० डब्ब्यात, आणि ते जिचा पाहुणा तिने, पाहुण्याकडून घ्यायचे नाहीत. हे लिहिताना कंजूषपणा वाटतो पण नियम असला की पाहुणा आल्यावर कोणाचं तोंड वाकडं होत नाही, उलट आम्ही आग्रह करून थांबवतो.

बाईचे पैसे १ तारखेलाच. हे मी मुद्दाम सांगतेय कारण खूप घरांत बघितलंय की चौघींपैकी एकीचा पगार उशिरा झाला म्हणून बाईला सात-आठ तारखेपर्यंत थांबवतात. तिच्या घरचं भाडं पण १ तारखेलाच असतं. डब्बा भरला की पहिला खर्च तिचा, मग बाकी. महिन्याच्या दोन-तीन सुट्ट्या कापायच्या नाहीत आणि दिवाळीला एक पगार जास्त, त्यासाठी आम्ही दर महिन्याला डब्ब्यातून उरलेलं थोडं थोडं बाजूला ठेवतो.

नोंद ठेवायला खर्च वाटणारी ॲप्स आहेत, स्प्लिटवाइज वगैरे, पण त्याच्या फुकटवाल्या व्हर्जनमध्ये दिवसाला मोजक्याच नोंदी होतात आणि डब्बा असेल तर कोण कोणाला किती देणार हे गणितच उरत नाही. आम्हाला एक गूगल शीट पुरते, तारीख, काय, किती, कोणी दिले. पेमेंट करताना यूपीआयच्या रिमार्कमध्ये "दूध", "भाजी" लिहायची सवय लावा, महिन्याच्या शेवटी स्टेटमेंट उघडलं की शीट आपोआप तपासली जाते. आणि डब्बा सांभाळणारी दर तीन महिन्यांनी बदला. एकीवरच ठेवलं तर ती हळूहळू सगळ्यांची आई बनून जाते आणि तिला कोणी कधी थँक्यू पण म्हणत नाही, मी त्या जागी राहिलेय.

कोणी पैसे द्यायला उशीर करत असेल तर ग्रुपवर टॅग करू नका, एकटीला विचारा. आमच्यात एकीचे तीन महिने उशिरा येत होते, ग्रुपवर लिहायच्या आधी देवासवाली तिच्याशी गच्चीवर जाऊन बोलली तेव्हा कळलं की घरी वडिलांचं ऑपरेशन झालंय आणि ती अर्धा पगार तिकडे पाठवतेय. मग तिचे पैसे १ ऐवजी १० तारखेला असं ठरवलं, झालं.

फ्लॅट सोडायची वेळ आली की डिपॉझिट. कोणी किती दिलं हे पहिल्याच दिवशी शीटच्या पहिल्या ओळीत लिहा आणि आत शिरताना सगळ्या खोल्यांचा, नळांचा, टाइल्सचा व्हिडिओ काढून ग्रुपवर ठेवा. मध्येच एक जाणार असेल तर मालकाकडे डिपॉझिट मागत बसू नका, जी नवीन येते तिने जाणाऱ्या मुलीला तिचा हिस्सा द्यायचा, त्यातून तिच्या खोलीची तुटफूट असेल तर वजा. जाण्याआधी एक महिना सांगायचं, नाही सांगितलं तर नवीन मिळेपर्यंतचं भाडं तिचंच. मागच्या जूनमध्ये रतलामवालीची बदली भोपाळला झाली तेव्हा आम्ही हेच केलं, डब्ब्यात ६४० शिल्लक होते, त्यातले १६० तिचे, डिपॉझिटचा हिस्सा नवीन मुलीकडून तिच्या खात्यात, आणि वायफायचा राउटर चौघींनी मिळून घेतलेला होता त्याचेही जुन्या किमतीप्रमाणे २५० तिला दिले. शीटचा फोटो ग्रुपवर टाकला, तिने "ओके" लिहिलं, आम्ही तिघींनी "ओके" लिहिलं, मग तिने किल्ली दिली आणि आम्ही तिला सोडायला सरवटे बसस्टँडला गेलो.