नवं फीचर आलं, आता काय करायचं?

सकाळी फोन हातात घेतला तर साहेबांचा मेसेज. एवढाच: "बाई, दोनच तारे?"

प्रकार असा होता. साहेबांनी स्वखर्चाने काढलेला कवितासंग्रह मी इमानेइतबारे वाचला होता आणि एका शिफारस-सेवेवर त्याला दोन तारे देऊन मोकळी झाले होते. कोण बघतंय, म्हणून. आदल्या रात्री त्या सेवेने 'मित्रांना काय आवडतंय ते एका नजरेत' असं नवं फीचर आणलं. ते सगळ्यांसाठी आपोआप चालू होतं आणि मागच्या तीन महिन्यांचं रेटिंग मित्रांच्या पुढ्यात नेऊन ठेवत होतं. साहेब माझे 'मित्र' कधी झाले? खातं उघडताना मी फोनमधले नंबर वाचायची परवानगी दिली होती, तेव्हा. चूक निम्मी माझीच.

गेली अकरा वर्षं मी पुस्तकं, सिनेमे, गाणी सुचवणाऱ्या सेवांवर पडीक असते. एका ठिकाणी हौसेने पुस्तकांच्या नोंदीही दुरुस्त करते. त्या मेसेजनंतर एक क्रम ठरवून घेतला. घोषणा कितीही गोड असो, क्रम मोडत नाही.

आधी आपली यादी उतरवून (डाउनलोड करून) घ्यायची. नवं बटण दाबण्याआधी, 'छान आहे हो' असं कुणाला सांगण्याच्याही आधी. गुडरीड्स या पुस्तकांच्या सेवेवर कॉम्प्युटरवरून 'माय बुक्स' उघडलं की बाजूला इम्पोर्ट-एक्सपोर्टचा दुवा असतो. लेटरबॉक्स्ड या सिनेमांच्या सेवेवर सेटिंगमधल्या 'डेटा'त एक्सपोर्ट आहे. पुस्तकांची एक सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याची, फाइल मिळते, सिनेमांची झिप, म्हणजे गाठोडं बांधलेली फाइल, मिळते आणि तिच्यात डायरी, रेटिंग, परीक्षणं अशा वेगवेगळ्या फायली असतात.

इथे बहुतेकजण एक चूक करतात, मीही केली होती. ती फाइल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडायची नाही. देवनागरी नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि चलनाच्या खुणा दिसतात, आणि आपण हाय खातो. फाइल खराब झालेली नसते, एक्सेलने ती चुकीच्या लिपीसंकेताने वाचलेली असते. कोरी शीट उघडा, 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे युनिकोड यूटीएफ-८, घ्या. नावं जागेवर येतात. मग आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचा, रकाना बघा. तेरा आकडी क्रमांकाचं एक्सेल 'नऊ दशांश अठ्ठ्याहत्तर ई अधिक बारा' असलं काहीतरी करून टाकतं. दहा आकडी जुन्या क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते गिळतं. त्या रकान्याचा प्रकार आधीच 'टेक्स्ट' करा. तसं न करता फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केलीत की मूळ आकडे गेले ते गेलेच. म्हणून मी उतरवलेली फाइल नावात तारीख घालून बाजूला ठेवते आणि बघायला तिची प्रत उघडते.

एवढं कशाला, असं भाची विचारते. कारण सेवा मरतात. नवनवी संकेतस्थळं सुचवणारं स्टंबलअपॉन ३० जून २०१८ ला बंद झालं. आवडलेल्या वेबपानांच्या खुणा साठवणारं डिलिशस २००३ साली सुरू झालं, २००५ मध्ये याहूकडे गेलं, २०११ मध्ये पुन्हा विकलं गेलं, आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या तशाच सेवेने ते विकत घेऊन फक्त वाचण्यापुरतं शिल्लक ठेवलं. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या खुणा होत्या त्या. ज्यांनी वेळेत उतरवून घेतल्या त्यांच्याकडे राहिल्या.

दुसरं काम सेटिंगमध्ये. घोषणेत काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि 'प्रायव्हसी', 'नोटिफिकेशन' आणि 'जोडलेली खाती' ही तीन पानं स्वतः उघडा. कालपर्यंत नव्हती अशी ओळ दिसते का? तिच्यापुढचा खटका आधीच चालू आहे का? मी जुन्या पानांचे स्क्रीनशॉट ठेवते आणि नव्या पानाशी ताडून बघते. खुळेपणा वाटेल, पण साहेबांनंतर दोन वेळा उपयोग झालाय. फोनमधल्या नंबरांची परवानगी काढून टाका. शोधायची माणसं नावाने शोधता येतात.

'पण माझं नाव कुठे दिसतंय' हा युक्तिवादही फार चालत नाही. नेटफ्लिक्सने २००६ साली स्पर्धा लावली होती: ग्राहक कशाला किती तारे देईल याचा आमच्यापेक्षा दहा टक्के अधिक अचूक अंदाज करणारी पद्धत द्या, दहा लाख डॉलर घ्या. त्यासाठी सुमारे चार लाख ऐंशी हजार ग्राहकांची दहा कोटींवर रेटिंगं नावं काढून खुली केली. २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं, पण त्याआधीच नारायणन आणि श्मातिकोव या दोन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की कुणाची थोडी रेटिंगं आणि अंदाजे तारखा ठाऊक असल्या की त्या ढिगाऱ्यातून नेमका माणूस शोधता येतो. पुढची स्पर्धा २०१० मध्ये रद्द झाली. तुम्ही काय, कधी आणि किती आवडीने पाहिलंत ही सहीच असते.

आता मुख्य गोष्ट, तारे. इथे जरा थांबते, कारण नव्या फीचरांपैकी निम्मी तरी ताऱ्यांशीच खेळत असतात.

शिफारस-यंत्राचा मूळ विचार साधा आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या ग्रुपलेन्स गटाने १९९४ मध्ये यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावरच्या लेखांसाठी तो वापरला: आजवर ज्यांचं तुमच्याशी पटलं, त्यांचं पुढेही पटेल असं धरा. म्हणजे यंत्राला पुस्तक कळत नाही, कोण कुणासारखं वागतं ते कळतं. आता माझं बघा. माझी सरासरी तीनच्या आतबाहेर. माझी भाची सगळ्यालाच साडेचार-पाच देते. तिचे चार म्हणजे नापसंती आणि माझे चार म्हणजे मी ते पुस्तक दोघातिघांच्या गळ्यात मारणार. म्हणून बऱ्याच पद्धती प्रत्येकाची सरासरी वजा करून बघतात, म्हणजे तुम्ही तुमच्या नेहमीच्या पातळीच्या वर गेलात की खाली आलात. याचा व्यवहारातला अर्थ असा: कडक असा नाहीतर उदार असा, यंत्राचं काही बिघडत नाही. पण सगळ्याला एकच रेटिंग देऊ नका. सरसकट पाच देणाऱ्याबद्दल यंत्राला काहीच कळत नाही, आणि मग ते सगळ्यांना जे देतं तेच तुम्हालाही देतं.

माझं कोष्टक असं. पाच: परत वाचलं, किंवा वाचणार हे नक्की. चार: उसनं दिलं आणि परत आलं नाही तर जीव हळहळेल. तीन: वेळ वाया गेला नाही. दोन: हट्टाने पूर्ण केलं. एक: लेखकाने फसवलं. (साहेबांनी फसवलं नव्हतं, म्हणून दोन.) कोष्टक वहीत लिहून ठेवा, कारण सेवा आपली पट्टी बदलतात आणि तुम्ही 'चार' कशाला म्हणत होतात ते सहा महिन्यांत विसरता. यूट्यूबने २०१० मध्ये पाच तारे काढून अंगठे आणले. नेटफ्लिक्सने तेच २०१७ मध्ये केलं, आणि २०२२ मध्ये 'फारच आवडलं' सांगणाऱ्या जोडअंगठ्याची भर घातली.

पट्टी बदलली की लोक जुनी सगळी रेटिंगं नव्याने द्यायला बसतात. नका बसू. अर्धे तारे आले तेव्हा मी एका रविवारात दोनशे नोंदी बदलल्या आणि पुढचे कित्येक दिवस शिफारशी चक्रावल्यासारख्या येत होत्या. दोनशे पुस्तकं आठवणीवर विसंबून तोलली होती, त्यात माझी त्या दिवशीची मनःस्थितीच जास्त उतरली. नवी पट्टी नव्या वाचनापासून सुरू करावी. जुन्यातली ठसठशीत आठवणारी दहा-पंधरा बदलावीत, बाकी असू द्यावीत.

'अर्धवट सोडलं' असा शेल्फ, म्हणजे वेगळी यादी, मिळत असेल तर तो मात्र आवर्जून वापरा. स्टोरीग्राफ या पुस्तकांच्या सेवेवर तो आहे. नसेल तिथे स्वतःचा शेल्फ करा आणि कितव्या पानावर सोडलं ते टिपणात लिहा. हौसेने उचललेलं पुस्तक चाळिसाव्या पानावर का सोडलं, हे निदान तुम्हाला तरी ताऱ्यांपेक्षा जास्त सांगतं.

आणखी एक सवय लावून घ्या: स्वतःचे तारे देण्याआधी सरासरी बघायची नाही. २००६ मध्ये सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडांची ४८ गाणी ऐकवली. लोकांचे वेगवेगळे गट पाडले होते. काही गटांना आधीच्यांनी किती वेळा गाणं उतरवून घेतलं तो आकडा दिसत होता, एका गटाला दिसत नव्हता. आकडा दिसणाऱ्या प्रत्येक गटात गाजलेली गाणी वेगळी निघाली. फार चांगलं गाणं सहसा अगदी तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा वर आलं नाही, पण मधलं सगळं आधीच्यांच्या कलाने हललं. मी पुस्तकाचं पान उघडताना सरासरीवर अक्षरशः अंगठा ठेवते. दिसायला वेडगळ दिसतं, पण चालतं.

फॉलो कुणाला करायचं? तुमच्याशी नव्वद टक्के जुळणाऱ्यांना तर करालच, सेवाही त्यांनाच पुढे करते. त्यात दोन-तीन माणसं अशी घाला की ज्यांचं लिहिणं नेमकं आहे पण आवड उलटी. माझ्या यादीत एक बाई आहेत. त्यांनी 'संथ' म्हणून एक तारा दिला की मी ते पुस्तक त्याच दिवशी यादीत टाकते. अजून एकदाही फसले नाही.

सेवेच्या घोषणा मी खालून वर वाचते. वर रोषणाई असते, कामाचं असतं ते तळाशी: 'बंद करत आहोत', 'यापुढे उपलब्ध नसेल', 'काही वापरकर्त्यांसाठी'. शेवटचे शब्द असतील तर फीचर शोधत बसू नका, ते तुम्हाला अजून मिळालेलंच नसेल. 'एपीआय', म्हणजे दुसऱ्या ॲपना सेवेतली माहिती घेता येते तो दरवाजा, हा शब्द तळाशी दिसला तर कान टवकारा. गुडरीड्सने डिसेंबर २०२० मध्ये नव्या एपीआय किल्ल्या देणं थांबवलं आणि महिनाभर न वापरलेल्या जुन्याही बंद केल्या. त्यावर चालणारी हौशी लोकांनी बनवलेली साधनं एकामागून एक थांबली. तुमची यादी दुसऱ्या ॲपमधून भरली जात असेल तर ती उतरवून घ्यायची हीच वेळ.

एखाद्या पुस्तकावर अचानक एकेक तारा देणाऱ्या रेटिंगांचा पाऊस पडला तर त्यात आपला थेंब घालू नका. पुस्तक बाजारात आलेलं तरी आहे का ते आधी बघा. २०२३ मध्ये अमेरिकी लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी प्रकाशित न झालेली कादंबरी पुढे ढकलली, ती अशाच लाटेनंतर. तक्रारीचं बटण असतं, ते वापरा आणि पुढे व्हा.

नोंदी दुरुस्त करायच्या असतील तर मात्र या, माणसं कमीच आहेत. सर्वांत किचकट काम जुळ्या नोंदींचं. एकच पुस्तक एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये, आणि लेखकाचं नाव तीन प्रकारे: आद्याक्षरांनी, पूर्ण, आणि आडनाव आधी. रेटिंगं तीन ठिकाणी विखुरतात आणि शिफारस-यंत्राच्या लेखी ती तीन वेगळी पुस्तकं असतात, तीनही कुणी न वाचलेली. आधी आयएसबीएन ताडा. दहा आकडी आणि तेरा आकडी क्रमांक एकाच आवृत्तीचे असू शकतात, कारण तेरा आकडी पद्धत २००७ च्या सुरुवातीपासून आली. मग पानसंख्या आणि प्रकाशनवर्ष बघा. आवृत्त्या वेगळ्या असतील तर एकत्र जोडायच्या, पुसायच्या नाहीत. पुसलेल्या नोंदीबरोबर कुणाचंतरी टिपण जाऊ शकतं. भाषांतरसुद्धा त्याच साहित्यकृतीची आवृत्ती म्हणूनच जोडतात. यावर वाद घालणारे भेटतील, घालू द्या.

बिघाड कळवायचा तर 'चालत नाही' एवढं लिहून पाठवू नका. काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, फोन की कॉम्प्युटर, आणि चित्र. पाच ओळी पुरतात.

साहेबांचं म्हणाल तर त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, कुठल्या कविता जमल्या नाहीत. मी पानं सांगितली. ते म्हणाले, "त्यातली एक मलाही खटकत होती." त्यांचा दुसरा संग्रह आलाय. सेवेवर नोंद मीच केली. आयएसबीएन घेतलेला नव्हता, मुखपृष्ठाचा फोटो त्यांनी स्वतः पाठवला, किंचित तिरका. खटका मी बंदच ठेवलाय. तारे अजून दिलेले नाहीत, बावन्नाव्या पानावर आहे.