नेशनस्टेट्समध्ये जनमत चाचणी घ्यायची असेल तर

मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने २००२ मध्ये सुरू केलेला नेशनस्टेट्स हा ऑनलाइन खेळ पहिल्यांदा एकट्याने खेळायचा वाटतो. आपलं राष्ट्र, आपले कायदे, रोज सोडवायचे पेच. पण खरं राजकारण रंगतं ते रीजनमध्ये, म्हणजे अनेक खेळाडूंच्या राष्ट्रांच्या गटात. तिथे घटना असते, पक्ष असतात, फाटाफूट असते आणि निवडणूक जवळ आली की ‘हवा कुणाची?’ हा प्रश्नही असतो. या प्रश्नाचं उत्तर शोधायचं काम मला या खेळातलं सगळ्यात आवडीचं काम वाटतं. ते नव्याने करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

रीजनच्या पानावर मतचाचणीची सोय खेळातच दिलेली आहे. अधिकार असलेला रीजनल ऑफिसर ती लावू शकतो. नवखे लोक तिच्यावरच थांबतात आणि तिथेच फसगत होते. त्या चाचणीत कोणत्या राष्ट्राने कुठे मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आकडेही चालू असतानाच दिसत राहतात. सत्ताधारी डेलिगेटच्या (रीजनच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या) विरोधात उघडपणे नाव लावायला कितीजण धजावतील? शिवाय आघाडी दिसली की कुंपणावरचे तिकडे झुकतात. त्यामुळे झेंडा कुठला, उत्सव कधी असल्या विषयांना ती उत्तम, पण माणसांबद्दल किंवा घटनादुरुस्तीबद्दल विचारायचं असेल तर रहिवाशांना टेलिग्राम (खेळातले निरोप, मोबाइलवरचं ॲप नव्हे) पाठवून खासगीत उत्तर मागावं.

कुणाला विचारायचं, हे त्याच्याही आधी ठरवा. इथे आपल्याला एक चैन आहे, जी खऱ्या सर्वेक्षणवाल्यांना क्वचितच मिळते: मतदारांची पूर्ण यादी समोर असते. मात्र ती जशीच्या तशी वापरू नका. २८ दिवस कुणी फिरकलं नाही तर राष्ट्र यादीतून जातं, सुट्टीवर असल्याचं कळवलं असेल तर ६० दिवसांनी. म्हणजे यादीत कायम काही ओसाड घरं असतात. राष्ट्राच्या पानावर शेवटची हालचाल कधीची ते पाहून ती बाजूला काढा. दुसरी अडचण पपेटची, म्हणजे एकाच खेळाडूच्या जादा राष्ट्रांची. एका खेळाडूला हवी तितकी राष्ट्रं ठेवता येतात, पण वर्ल्ड असेंब्लीत (खेळातल्या संयुक्त राष्ट्रसंघासारख्या सभेत) त्यातलं एकच. म्हणून अनेकजण फक्त असेंब्लीच्या सदस्यांना विचारून मोकळे होतात. मला हे पटत नाही. काही जुने, मुरलेले खेळाडू आपलं सदस्य राष्ट्र दुसऱ्या रीजनमध्ये ठेवतात. ते मग तुमच्या मोजणीतून साफ गळतात.

आता आकड्यांकडे येऊ. उदाहरण घेऊ. जागती राष्ट्रं २००, त्यात असेंब्लीचे सदस्य ६०, बाकी १४०. घटनादुरुस्तीवर सगळ्यांना मत आहे. तुम्हाला ५० उत्तरं आली आणि ३१ जण बाजूने निघाले. ६२ टक्के! दुरुस्ती मंजूर होणार, असं लिहायला हात शिवशिवतात. थांबा. उत्तरं कुणाची आली ते बघा. ३० सदस्यांची, २० इतरांची. सदस्यांपैकी २४ बाजूने, म्हणजे ८० टक्के. इतरांपैकी फक्त ७, म्हणजे ३५ टक्के. सदस्य मुळात जास्त बोलके, म्हणून त्यांचा आवाज मोठा ऐकू आला. रीजनमधल्या खऱ्या प्रमाणाने भार (वजन) द्या: सदस्य ३० टक्के, त्यांचे ८०; इतर ७० टक्के, त्यांचे ३५. बेरीज येते ४८.५. दुरुस्ती काठावर लटकते आहे! वर चूकमर्यादा असतेच. २०० मधून ५० जण चिठ्ठ्या टाकून निवडले असते तरी ६२ टक्क्यांच्या आकड्यात साधारण १२ टक्के इकडेतिकडे धरावे लागले असते. इथे तर लोक स्वतःहून आलेत, आणि तो दोष कुठलंही सूत्र पूर्ण झाकत नाही.

अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडे त्यांच्या चाचणीच्या २० लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या आणि त्यांनी रूझवेल्टचा प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. त्याहून कितीतरी लहान नमुना घेणाऱ्या गॅलप या सर्वेक्षणवाल्याचा अंदाज मात्र बरोबर आला. ढिगाने उत्तरं गोळा करण्यात जीव अडकवू नका, गप्प बसलेल्यांना दुसऱ्यांदा विचारण्यात वेळ घाला. आठवणीचा एक सभ्य, छोटा टेलिग्राम फार काम करतो.

प्रश्न साधा ठेवा. ‘अपयशी मंत्रिमंडळ बदलावं का?’ यात उत्तर आधीच भरलेलं आहे. ‘सध्याच्या मंत्रिमंडळाच्या कामाबद्दल तुमचं मत काय?’ असं विचारा, ‘अजून ठरलं नाही’ हा पर्याय द्या आणि उमेदवारांची नावं प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने पाठवा. चाचणी निदान चार दिवस चालू द्या, त्यात शनिवार-रविवार येऊ दे. आपल्याकडे सकाळ होते तेव्हा अमेरिकेतले खेळाडू झोपायच्या तयारीत असतात. एका दिवसात आटोपलीत तर एकाच खंडाचा कौल हातात पडेल.

निकाल मांडताना किती जणांना विचारलं, किती बोलले, कोणत्या तारखांना, प्रश्नाचे नेमके शब्द आणि भार कसा दिला हे सगळं द्या. भार देण्याआधीचा आकडाही शेजारी ठेवा, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला गणित स्वतः करून पाहता येईल. तुम्ही एखाद्या पक्षात असाल तर तेही पहिल्याच ओळीत लिहा. वैयक्तिक उत्तरं मात्र कुणालाही दाखवू नका, मग मागणारा डेलिगेट असो नाहीतर तुमचाच पक्षप्रमुख.