उतार डोळ्यांनी नाही, पट्टीने वाचा
नकाशावर १:५० उतार (५० मीटर लांबीला १ मीटर उतरण) वाचला तरी तो जमिनीवर केवढा, ते कळत नाही. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत, धारण तलावाभोवतीच्या वाटेवर तो मोजून पाहा.

१ मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी वाटेला आडवी ठेवा, वर पाणसळ (बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल). सखल टोक उचलून बुडबुडा मधोमध आणा आणि खालची फट मोजा. २ सेंमी म्हणजे १:५०. रॅम्पवर पट्टी चढाच्या दिशेने धरा, फट ८.३ सेंमीपेक्षा जास्त भरली, तर चढ १:१२ पेक्षा खडा, व्हीलचेअरला जड.

पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात गेलात तर उत्तम. डबकं दिसलं की तिथे पेव्हर (फरशीचा ठोकळा) खचलाय का, की पाणी जायची जाळीच फरशीपेक्षा वर बसलीय, ते बघा.

पाणसळ थेट पेव्हरवर टेकवू नका, एकाच ठोकळ्याचा कल मिळेल.