मित्रांकडे मुक्काम, रेल्वेने भटकंती : साठीनंतर दोघांनी ब्रिटन कसं फिरावं

व्हिसा, प्रवास विमा, औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हे तुम्ही करालच, त्यात शिरत नाही. ‘लंडनला मित्राचं घर आहे ना? मग महिनाभर तिथेच राहा आणि रोज फिरून या’ हा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. यजमान मेटाकुटीला येतात आणि लंडनपलीकडचा देश बघायचा राहून जातो.

आधी प्रत्येक मित्राला त्याचा मोकळा शनिवार-रविवार विचारा. ते दोन दिवस त्यांच्या घरी, मधले वार स्वतः भाड्याने घेतलेल्या खोलीवर. एका घरी तीन रात्री पुष्कळ झाल्या. शुक्रवारी दुपारीच प्रवास उरका, कारण संध्याकाळी गाड्या खच्चून भरतात. रविवारी निघूच नका. रुळांची दुरुस्ती तिथे बरीचशी शनिवार-रविवारीच काढतात, मग अर्ध्या वाटेवर उतरून बसमध्ये बॅगा चढवाव्या लागतात.

आता तिकिटं. खरी मेख इथे आहे, आणि ती उलगडायला मलाही वेळ लागला. ‘तिथे गेल्यावर स्टेशनवर काढू’ म्हणणाऱ्याला तिथले भाडे माहीत नसते. लांबच्या प्रवासाचं आयत्या वेळचं तिकीट स्वस्त तिकिटाच्या कित्येक पट असू शकतं. स्वस्त असतं ते ‘अॅडव्हान्स’. साधारण १२ आठवडे आधी ते विक्रीला येतं, पण चालतं फक्त त्यावर छापलेल्या गाडीलाच. वहिनींनी आग्रहाने दुसरा चहा टाकला आणि गाडी चुकली, तर ते तिकीट वाया गेलं आणि नवं पूर्ण भाड्याचं घ्यावं लागलं, असं समजा. म्हणून मित्राच्या घरून निघायच्या दिवशी सकाळची पहिली गाडी कधीच घेऊ नये. सोमवारी अकराच्या पुढची घ्या. गाडी बदलायची असेल तर दोन सुटी तिकिटं न काढता सलग एकच काढा. पहिल्या गाडीला उशीर झाल्यामुळे दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीने जाता येतं. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून मगच चढा.

भाड्यात एक तृतीयांश सूट देणारं रेलकार्ड आपल्यालाही मिळतं. साठीच्या पुढच्यांसाठी ‘सीनियर’ कार्ड असतं, ते प्रत्येकाला वेगळं. ‘टू टुगेदर’ हे दोघांत एकच. सगळे सल्लागार सीनियर घ्या म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे : सगळा प्रवास जोडीनेच करणार असाल तर टू टुगेदर घ्या, एका कार्डात काम होतं. दोन अटी पक्क्या लक्षात ठेवा. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही, आणि एकट्याने प्रवास केला तर सूट मिळत नाही. ‘तू मैत्रिणीकडे थांब, मी पुढे जातो’ असा बेत असेल तर सीनियरच बरं. कार्ड फोनवर असेल तर बॅटरी भरलेली ठेवा. तिकीट तपासनीस आल्यावर कार्ड दाखवता आलं नाही, तर सवलतीचं तिकीट ग्राह्य धरत नाहीत.

मार्ग निवडायचा तर लंडन किंग्ज क्रॉस ते एडिंबरा. वाटेत यॉर्कला उतरा, अर्थात तिथपर्यंतचं तिकीट वेगळं काढून. स्टेशनला लागूनच रेल्वे संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. १९३८ साली वाफेच्या इंजिनांचा वेगाचा विक्रम करणारं निळं ‘मॅलर्ड’ तिथेच आहे. यॉर्कच्या पुढे जाताना उजव्या हाताची खिडकी मागा. आधी डरहॅमचं कॅथीड्रल टेकडीवर उभं दिसतं. मग बेरिक गाव येतं, तिथे ट्वीड नदीवर १८५० सालचा २८ कमानींचा पूल आहे. त्यानंतर काही वेळ समुद्र सोबतीला असतो.

भेट म्हणून पेढे, बर्फी नेऊ नका. दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मेतकूट, बाकरवडी, चकलीची भाजणी न्या.

मित्रांच्या घरी शॉवरचा पडदा टबच्या आत सोडा. बाथरूमच्या जमिनीला बहुधा मोरी नसते, सांडलेलं पाणी खालच्या खोलीच्या छतातून ठिबकतं. आणि फोडणी देण्याआधी खिडकी उघडा, पंखा लावा. धुराचा अलार्म मोहरी तडतडायच्या आत वाजतो.