गरोदरपणातील मळमळीवर ॲक्युप्रेशर: मनगटावरील बिंदू कसा दाबावा

गरोदरपणाच्या साधारण सहाव्या आठवड्यापासून सुरू होणारी मळमळ बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. पण तोवर फोडणीच्या नुसत्या वासानेही उमासे येत असतील, तर मनगटाच्या आतल्या बाजूचा एक बिंदू दाबून पाहण्यासारखा आहे. चिनी वैद्यकात त्याला नेईगुआन म्हणतात आणि ॲक्युप्रेशरच्या पुस्तकांत तो ‘पी-६’ या नावाने सापडतो. संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत, सर्वांनाच गुण येतो असे नाही. मात्र उपाय बिनखर्चाचा आहे आणि त्यात अपाय जवळजवळ नाही.

प्रथम बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे व तळवा वर करून हात उशीवर सैल टेकवावा. दुसऱ्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका जुळवून मनगटावर अशी आडवी ठेवावीत, की अनामिकेची कड तळव्यालगतच्या घडीला टेकेल. तर्जनीच्या पलीकडे, कोपराच्या दिशेला, लगेचच दोन ताठ कंडरांच्या (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधल्या खोलगट जागी हा बिंदू असतो. मूठ किंचित आवळली की कंडरा वर उठून दिसतात. काहींच्या हातात त्यांतील एक नसतेच, तेव्हा हाताच्या रुंदीचा मध्य धरावा. नवरा किंवा आई दाबून देणार असेल, तरी माप गरोदर स्त्रीच्याच बोटांनी घ्यावे, कारण इथे बोटभर फरकानेही जागा चुकते.

जागा सापडली की अंगठ्याने, दाब जाणवेल पण दुखणार नाही इतपत, बारीक गोलाकार फिरवत दोन-तीन मिनिटे दाबावे आणि मग दुसरा हात घ्यावा. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, प्रवासाआधी आणि मळमळ सुरू होताच असे दिवसातून अनेकदा करता येते. हाच बिंदू दाबून धरणाऱ्या मनगटी पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात; त्यांची गुंडी नेमकी याच बिंदूवर बसवावी. हाताला मुंग्या किंवा सूज आल्यास पट्टी लगेच काढावी.

अंगठा व तर्जनी यांमधला आणि घोट्याच्या आतल्या बाजूच्या वरचा, हे बिंदू गरोदरपणात दाबू नयेत, असा परंपरेचाच दंडक आहे.

दिवसभर पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा ती गडद होत असेल, उभे राहताच चक्कर येत असेल, वजन घटत असेल, उलटीत रक्त दिसत असेल, ताप किंवा पोटदुखी असेल, तर बिंदू दाबत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.