पळायचं नंतर, आधी नाडकचेरीत जा

पहाटे बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आपली पोरं धावताना दिसली की बरं वाटतं, आणि पोटात गोळाही येतो. कर्नाटक पोलीस भरतीत खानापूर तालुक्यातली पोरं पळण्यात मागं पडत नाहीत, ती अडतात कागदावर आणि कन्नडवर. ३१ वर्षं कर्नाटक पोलिसांत काढून हवालदार म्हणून घरी आलो. आता ओसरीवर बसून फॉर्म भरून देतो, म्हणून सांगतो.

आधी दाखले. मराठा असाल तर कर्नाटकात तुम्ही मागासवर्गीयांच्या ३ बी प्रवर्गात. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या कचेरीतून काढायचा. जाहिरात आल्यावर नाही, आजच. अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरचा दाखला पडताळणीत चालत नाही. माझ्याकडचा एक पोरगा लेखी पास झाला, मैदान मारलं, आणि दाखल्यावरची तारीख नऊ दिवस पुढची निघाली. त्याच्या आईनं त्या दिवशी चहाचा कप हातात धरला तो तसाच गार झाला.

दुसरा कागद ग्रामीण दाखल्याचा. ग्रामीण उमेदवारांना २५ टक्के जागा आहेत, आणि मराठी माध्यमात शिकलात म्हणून त्या जात नाहीत. जातात त्या कन्नड माध्यमाच्या ५ टक्के. अट एकच, पहिली ते दहावी सगळी शाळा खेड्यातली हवी. मुख्याध्यापकांची सही, वर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही. माझ्या पुतण्याला आम्ही हौसेनं आठवीला बेळगावात घातला, तिथंच हा दाखला गेला. कलबुर्गी, बिदरकडच्या भागाला राज्यघटनेच्या ३७१ जे कलमानं मिळालेल्या आरक्षणाची स्वप्नं मात्र बघू नका, बेळगाव जिल्हा त्यात नाही.

सिव्हिल शिपायाला पीयूसी म्हणजे बारावी लागते, सशस्त्र दलाला एसएसएलसी म्हणजे दहावी पुरते. वयाची नेहमीची मर्यादा सर्वसाधारणला २५, आपल्या ३ बीला २७. सवलत जाहीर झाली असेल तर ती जाहिरातीतच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

आता कन्नड. पेपर कन्नड आणि इंग्रजीत येतो, मराठीत नाही. १०० प्रश्न, दीड तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. म्हणून उत्तरपत्रिकेतले गोळे अंदाजपंचे काळे करू नका. घाबरायचंही कारण नाही, ठाण्यातलं निम्मं कन्नड आपल्या तोंडात आहेच: ठाणे, आरोपी, साक्षी, अपराध. फसवतात ती सारखी वाटणारी. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेब म्हणाले, ‘दूरु बरको.’ मी अदबीनं दोन पावलं मागं सरलो. सगळं ठाणं हसलं. दूरु म्हणजे तक्रार, ती लिहून घे म्हणत होते. रोज कन्नड पेपराचं एक पान मोठ्यानं वाचा आणि त्यातली एक बातमी हातानं उतरवून काढा. वाचता येणारी पोरं पुष्कळ भेटतात, लिहिताना हात अडतो.

मैदान लेखीनंतर. मुलांना १६०० मीटर साडेसहा मिनिटांत, लांब उडी ३.८० मीटर किंवा उंच उडी १.२० मीटर, आणि ७.२६ किलोचा गोळा ५.६० मीटर. मुलींना ४०० मीटर दोन मिनिटांत. उंची मुलांना १६८ सेंटिमीटर, मुलींना १५७. छाती ८६ लागते, पण ती फुगवून. फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. पोरं मापाच्या वेळी आधीच श्वास कोंडून उभी राहतात, मग फुगवायला काही उरतच नाही! आधी सगळा श्वास सोडा. गोळ्याकडं सगळे दुर्लक्ष करतात आणि तिथंच पडतात.

पगाराचंही समजून घ्या. पोलीस हा राज्याचा विषय, त्यामुळं शिपायाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. केंद्राचा आधुनिकीकरणाचा निधी शस्त्रं, वायरलेस असल्या गोष्टींवर जातो. अर्थखात्यानं पदांना होकार दिल्याशिवाय जाहिरात निघत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून अनुसूचित जातींच्या अंतर्गत आरक्षणाचा निर्णय होईपर्यंत नव्या जाहिराती थांबल्या, तेव्हा कितीतरी पोरांची वयं सरकत गेली.

माणसं टिकवायलाही पैसा लागतो, हे सरकारला आम्हीच शिकवलं म्हणा. २०१६ च्या जूनमध्ये शिपायांनी सामूहिक रजेची हाक दिली. मग पोलीस अधिकारी राघवेंद्र औरादकरांची समिती बसली आणि २०१९ ला पगार वाढले. शिपायाची वेतनश्रेणी २३,५०० पासून सुरू झाली. सातव्या वेतन आयोगानंतर, १ ऑगस्ट २०२४ पासून, ती ३७,९०० ला पोचली. आरोग्य भाग्य योजनेत घरच्यांच्या उपचाराची सोय आहे. जुनी पेन्शन मात्र १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना नाही, हे मुलीकडच्यांनी विचारलं तर खरं सांगा.

दुसरं दार महाराष्ट्राचं. तिथं महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ सीमावर्ती गावांतल्या मराठी भाषिकांना पोलीस भरतीत अर्ज करता येतो, १५ वर्षं वास्तव्याचा दाखला जोडून. पेपर मराठीत, मैदान आधी, आणि १६०० मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत या. दोन्हीकडं अर्ज करा, त्यात गद्दारी कसली! फक्त तयारी कन्नडची ठेवा, कारण मराठी तुमच्या घरी आहे.

सोमवारी माझ्याकडं येताना पहिली ते दहावीच्या शाळांची नावं, गाव आणि साल, कागदावर लिहून आणा. मोबाइलमध्ये नको, चार्जिंग संपतं.